देह जाळला गेला, मग पुनरुत्थान कशाचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. एप्रिल 2021 मध्ये तुमचे वडील कोविडने गेले. दवाखान्यातून देह परस्पर स्मशानभूमीत नेला, विद्युतदाहिनीत दहन झालं आणि तुम्ही फाटकाबाहेर उभ्या होतात. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्हते, गीत नव्हतं, मूठभर माती टाकायलाही मिळाली नाही. नंतर अस्थींचं एक गाडगं हातात आलं. ते अजून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेलं आहे. वर्षाच्या प्रार्थनेला काका म्हणाले, "दादाला माती मिळाली नाही, आता शेवटच्या दिवशी तो उठणार कशातून?" तेव्हापासून ईस्टरला सगळी मंडळी "प्रभू खरोखर उठला आहे" म्हणते, तेव्हा तुमचे ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. आणि शेवटी तुम्ही एका ओळीत विचारलंत, की या पुनरुत्थानाचा सोमवारी सकाळी कामावर जाताना उपयोग काय.

मी बत्तीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची काही वर्षं शहरात. किती मातींना उभा राहिलो याचा हिशोब ठेवला नाही. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी टोचणी राखेची नसावी. बाबांचा शेवट आपल्या हातून नीट झाला नाही आणि त्याचा भुर्दंड त्यांना पडेल, ही ती टोचणी आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. भुर्दंड पडणार नाही. तुमच्या वडिलांचं पुनरुत्थान त्या विद्युतदाहिनीत अडकलेलं नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आताच सांगून ठेवतो. तुम्ही कॅथलिक आहात की प्रोटेस्टंट, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अस्थींचं काय करायचं याचे नियम त्यावर ठरतात. तुमच्या गावच्या कबरस्तानात घराण्याची कबर आहे का, पंच कमिटी काय म्हणते, आईची काय इच्छा आहे, हेही पाहावं लागेल. विश्वासाचा गाभा मात्र सगळ्यांचा एकच आहे, आणि तो आपण दर रविवारी उभं राहून तोंडाने म्हणतो: शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन.

काकांची भीती आजची नाही. ती आपल्या ख्रिस्ती मंडळीइतकीच, म्हणजे चर्चइतकीच जुनी आहे. इसवी सन 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. तिथल्या आणि शेजारच्या व्हिएन गावच्या मंडळ्यांनी रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बांधवांना एक पत्र लिहिलं, ते युसेबियस या इतिहासकाराने जपून ठेवलं म्हणून आज आपल्याला वाचता येतं. मारलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख झाडून ऱ्होन नदीत लोटून दिली. कशासाठी? तर या लोकांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये म्हणून. त्या छळणाऱ्यांना वाटलं होतं की राख वाहून गेली की पुनरुत्थानही वाहून गेलं. आणि ज्यांची माणसं गेली होती, ज्यांना एक हाडही पुरायला मिळालं नव्हतं, त्यांनी हे सगळं बारीकसारीक लिहून ठेवलं, पण आशा सोडली नाही. ज्या देवाने मातीतून माणूस घडवला त्याला राखेची अडचण वाटेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. स्मुर्णा शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याचाही देह त्याआधी असाच जाळला गेला होता. समुद्रात बुडालेले कोळी, आगीत गेलेले, रणात हरवलेले सैनिक, यांच्यासाठी वेगळं शास्त्र नाही.

आपल्या मराठी मंडळीतलंच उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेत. 1919 मध्ये ते मुंबईत वारले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचं दहन झालं. ज्यांची गीतं म्हणत काका लहानाचे मोठे झाले, त्या माणसाने दहन स्वतःहून मागून घेतलं होतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर ते कुणी निवडलंही नव्हतं. साथीत जे घडलं ते घडलं.

मग आपण पुरतो कशासाठी, असं काका विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पुरणं ही आपली साक्ष आहे. प्रभूला कबरेत ठेवलं, म्हणून आपणही आपल्या माणसाला तसंच ठेवतो, बी पेरावं तसं. इंग्रजीतला सिमेट्री हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ आहे झोपण्याची जागा. पण साक्ष देण्याची रीत वेगळी आणि देवाचं सामर्थ्य वेगळं. रीत चुकली म्हणून सामर्थ्य कमी होत नाही.

आता पुनरुत्थान म्हणजे नेमकं काय, याकडे येतो. इथे आपल्या घराघरांत फार गोंधळ आहे, आणि त्यात आम्हा पाळकांचाही वाटा आहे. मातीच्या वेळी आम्ही घाईत बोलतो, "आत्मा प्रभूजवळ गेला, देह काय, नुसतं कवच." ऐकायला बरं वाटतं. पण देह नुसतं कवच असेल तर पुनरुत्थानाची गरजच काय? आत्मा अमर आहे एवढंच सांगायचं असतं, तर त्यासाठी रिकामी कबर लागली नसती. जुनं वस्त्र टाकून नवं नेसण्याचा दृष्टान्त आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या श्रद्धेत त्याला मान आहे आणि तो मान मी राखतो. पण आपला विश्वास वेगळं सांगतो. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात, दुसऱ्या नावाने परत येतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाने हाक मारता येईल असा, मरण मागे टाकून उठतो. बागेत मग्दालीया मरीयेने प्रभूला माळी समजलं होतं. "मरीये," एवढीच हाक आली आणि तिने ओळखलं. हाक मारणारा तोच होता, आणि जिला हाक मारली तीही तीच.

प्रभूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराचंही वेगळं आहे, हे लक्षात घ्या. चार दिवसांनी तो कबरेतून बाहेर आला, पण पुढे केव्हातरी पुन्हा मेला. तो जुन्याच आयुष्यात परतला होता. प्रभू येशू मात्र मरणाच्या पलीकडे गेला. त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, थोमाला हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या, आणि दारं बंद असताना आत येऊन उभा राहिला. तोच देह, पण असा की ज्याला आता मरण शिवणार नाही.

"कोणत्या देहाने उठतील?" हा काकांचा प्रश्न करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीनेही विचारला होता. प्रेषित पौलाने इसवी सन 55 च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय त्यासाठीच आहे. पौल तिथे बियाचं उदाहरण देतो. तू पेरतोस ते पुढे होणारं अंग नव्हे, नुसता दाणा. पेरलं जातं ते नाशवंत, उठतं ते अविनाशी.

हा अध्याय मी कित्येक मातींना वाचला होता, पण मला तो समजावला एका शेतकऱ्याने. माझ्या पहिल्या गावची गोष्ट. त्यांचा एकुलता मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला होता. मृगाचा पाऊस झाला आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता असताना हे गृहस्थ बाजरी पेरायला निघाले, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ते बांधावर बसले होते. मला हाताला धरून तासात नेलं. बोटाने काळी माती उकरली आणि एक कोंब मुळासकट उचलून तळहातावर ठेवला. हिरवं टोक, खाली केसासारखं पांढरं मूळ, आणि त्या मुळाला चिकटलेलं एक सुरकुतलेलं, पोकळ टरफल. ते त्यांनी नखाने दाबलं, आत काही नव्हतं. म्हणाले, "पाळकसाहेब, ह्यात बी दाखवा मला कुठाय." मी गप्प. ते म्हणाले, "बी दिसंना झालं म्हणून बाजरी दुसरीच उगवली का? मी बाजरीच पेरली, बाजरीच आली." मग तिथेच तासात बसून ते रडले. मुलाला माती देताना ते रडले नव्हते.

तुमच्या काकांना ही गोष्ट सांगा. देव गाडग्यातले कण मोजत बसत नाही. बाबा कोण होते, ते त्याच्या ध्यानात आहे, आणि तिथून तो त्यांना उठवील. कसं, ते मला सांगता येणार नाही. पौलालाही बियाच्या दाखल्यापलीकडे जाता आलं नाही.

आता रडण्याबद्दल. तुम्ही लिहिलंत की मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तुम्हाला सांगितलं, "आपण ख्रिस्ती आहोत, आपण रडायचं नाही." ही चूक मीही केली आहे. सेवेच्या दुसऱ्या वर्षी एका तरुण विधवेला मी अगदी हेच सांगितलं होतं, नवरा अजून ओट्यावर असताना. तिने डोळे पुसले आणि मान हलवली. मला वाटलं, धीर आला. नंतर दीड वर्ष ती उपासनेला आली नाही. शेवटी मी घरी गेलो तेव्हा म्हणाली, "तिथे आले की रडू येतं, आणि तुम्ही म्हणाला होता रडायचं नाही." मी तिची क्षमा मागितली. त्या दिवसापासून कुठल्याही मातीला ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही.

शास्त्र काय म्हणतं ते पाहा. पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहितो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोक करू नका, असं तो म्हणत नाही. आणि लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला. पाच-दहा मिनिटांत आपण याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. तो देह टाकाऊ असता, तर रडण्यासारखं काय होतं? मला तर वाटतं, पुनरुत्थानावर ज्याचा विश्वास आहे त्याला रडण्याचा जास्त अधिकार आहे. आपण मरणाला शत्रू म्हणतो. त्याच करिंथच्या पत्रात पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूने घरातला माणूस नेला तर माणूस रडणारच. चार वर्षं उलटली म्हणून तुमचे अश्रू उशिराचे ठरत नाहीत. 2021 मध्ये ज्यांनी फाटकाबाहेरून निरोप दिला, त्या पुष्कळांचं रडणं अजून बाकी आहे, हे मी जवळून पाहिलं आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, दहनाने काही बिघडलेलं नाही, आशा आत्म्यापुरती नसून अख्ख्या माणसाची आहे, आणि म्हणूनच दुःख खरं आहे. आता तुमचा सोमवार.

पंधराव्या अध्यायाचा शेवट मी तुम्हाला पुन्हा वाचायला सांगेन. एवढी मरणावरच्या विजयाची तुतारी वाजवून झाल्यावर पौल काय म्हणतो? म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात अधिक तत्पर व्हा, कारण तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढची ओळ, सोळाव्या अध्यायाची पहिली, यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी कशी गोळा करायची याबद्दल आहे: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते पुष्कळ शतकांनी घातले. पौलाने एका दमात लिहिलं: मरण हरलं, आणि आता पैसे बाजूला काढा.

"व्यर्थ नाही" या शब्दांचा अर्थ मला शहरातल्या मंडळीत कळला. एका घरातल्या सूनबाईंनी अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंची सहा वर्षं सेवा केली. सकाळी ऑफिसला जाण्याआधी अंग पुसणं, चादर बदलणं, पाठीला पावडर लावून कूस बदलवणं, पेज भरवणं. सासूबाई गेल्या त्या रात्री त्या मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, सहा वर्षं धुतलं ते अंग उद्या मातीत जाणार. मी काय केलं मग?" त्यांना मी शास्त्र सांगितलं नाही, नुसता बसून राहिलो. पण महिन्याभराने त्यांनीच विषय काढला तेव्हा सांगितलं: जे अंग तुम्ही पुसलंत त्यावर देवाचा हक्क आहे, त्याने ते सोडून दिलेलं नाही. तुम्ही टाकाऊ वस्तू धूत नव्हता.

देह देवाला हवा आहे, हे एकदा मनावर घेतलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेला दवाखाना उभा केला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मुलींना गोळा करून केडगावला आणलं, त्यांना आधी खाऊ घातलं, मग शिकवलं. देहाला कवच मानणाऱ्यांना इतका खटाटोप करायचं कारण नव्हतं. तुमच्या सोमवारी एवढं मोठं काही नसेल. डबा भरणं असेल, आईची रक्तदाबाची गोळी असेल, ऑफिसात कुणाचा तरी रखडलेला कागद असेल. त्यातलं जे प्रेमाने आणि खरेपणाने केलं जातं ते कबरेपाशी संपत नाही, एवढं मी ठामपणे सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त सावरते. प्रभूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता आणि तिथे त्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने त्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. एकदा त्या अंगणात. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या समुद्राच्या काठावर, पहाटे, पुनरुत्थानानंतर. शिष्य रात्रभर मासे धरून थकून येतात तर काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. मरणाला हरवून आलेला प्रभू न्याहारी करून वाट पाहत बसला आहे. आणि त्याच निखाऱ्यांच्या वासात तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? जिथे पेत्राचं नाक कापलं गेलं होतं, तशाच जागी त्याला नेऊन बसवलं. पेत्राची चूक पुसून टाकली नाही, जशा प्रभूच्या हातावरच्या खुणाही पुसल्या गेल्या नव्हत्या. तिथेच त्याला पुढचं काम दिलं.

तुमचा विस्तव म्हणजे ते स्मशानभूमीचं फाटक आहे, असं मला तुमचं लिहिणं वाचून वाटलं. तिथून पळू नका. तिथे काय झालं ते आईशी, काकांशी बोला. चार वर्षांत तुम्ही तिघं त्या दिवसाबद्दल एकत्र बसून एकदाही बोलला नसाल, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर सोडून द्या.

राहिलं ते गाडगं. तुम्ही कॅथलिक असाल तर धर्मगुरूंना भेटा. त्यांच्या चर्चने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली, आणि 2016 च्या सूचनेत सांगितलं की अस्थी आशीर्वादित जागी ठेवाव्यात, त्या विखरू नयेत आणि एरवी घरात ठेवू नयेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एकच लेखी नियम नाही, पण माझा सल्ला तोच राहील. अस्थी मातीत ठेवा. घराण्याची कबर असेल तर तिच्या उशाशी हात-दीड हात खोल खड्डा पुरतो. कमिटीकडे अर्ज द्यावा लागेल, काही ठिकाणी थोडी फी असते, आणि दहनाचा दाखला व मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा. कुठे कुणी खळखळ केलीच, तर पाळकांना मध्ये घाला. आईची अजून तयारी नसेल तर थांबा. यात घाई करण्यासारखं काही नाही, चार वर्षांत पाचवं.

वेळ सकाळची घ्या. आमच्याकडे ईस्टरला अंधार असतानाच कबरस्तानात उपासना सुरू होते आणि शेवटचं गीत होईपर्यंत उजाडतं, तशी वेळ मिळाली तर चांगलंच. पण त्यासाठी ईस्टरची वाट पाहायला हवी असं नाही, कुठलाही रविवार चालेल. आपल्याकडे रविवार पाळतात तो प्रभू त्या दिवशी उठला म्हणूनच. त्या दिवशी करिंथकरांसच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचायला सांगा, पस्तिसाव्या ओवीपासून. बाबांचं आवडतं गीत म्हणा, आणि रडू आलं तर मध्येच थांबा, बाकीचे सांभाळून घेतील. गाडगं आईच्या हातून खाली ठेवलं जावं. काकांना आदल्या दिवशी जाऊन बोलावून या, फोनवर नको. पहिली मूठ माती त्यांना टाकू द्या.